अरण्यातली शाळा : पंडिता रमाबाईंचं घरचं शिक्षण



आम्ही दोन्ही मुलांना शाळेत न पाठवता स्प्रिंगफील्ड लेक्सच्या घरीच शिकवतो, हे एव्हाना मंडळातल्या बहुतेकांना कळलं आहे. त्यामुळे गणपती असो की दिवाळी, हातात ताट येईपर्यंत दोन प्रश्न येतातच. पहिला, हे कायद्याने चालतं का? चालतं. क्वीन्सलँडमध्ये सरकारकडे रीतसर नोंदणी करायची, काय आणि कसं शिकवणार याचा आराखडा द्यायचा आणि दरवर्षी प्रगतीचा रिपोर्ट पाठवायचा. दुसरा प्रश्न जरा हळू आवाजात येतो : एका पगारात कसं परवडतं? आम्ही दोघंही आयटीतले, पण सध्या नोकरी एकच आणि घराचा हप्ता मात्र पूर्ण! त्यामुळे हजार डॉलरचे अभ्यासक्रम आणि ऑनलाइन वर्ग आमच्या यादीत नाहीत. स्वयंपाकघरातला वजनकाटा, ऑफिसातले एका बाजूने कोरे कागद, लायब्ररीचं फुकट कार्ड आणि भारतातून दरवर्षी येणारं कालनिर्णय (मराठी वाचनासाठी त्याची मागची पानं उत्तम!) एवढ्यावर सध्या गाडी चालली आहे.

पण हा लेख आमच्याबद्दल नाही. घरात असलेल्या गोष्टींवर घरीच शिकणं ही ऑस्ट्रेलियात आल्यावर सुचलेली कल्पना नाही, हे सांगण्यासाठी आम्ही एका मराठी मुलीची गोष्ट निवडली आहे. तिच्या आईबाबांकडे आमच्या शंभराव्या हिश्श्याइतकंही सामान नव्हतं. ती म्हणजे पंडिता रमाबाई.

शाळेच्या पुस्तकात रमाबाईंवर एखादा परिच्छेद असायचा : शारदा सदन, मुक्ती मिशन, समाजसुधारक, की झालं. त्यांचं स्वतःचं शिक्षण कुठे झालं हे आम्हाला तरी कुणी सांगितलं नव्हतं. ते कुठल्याच शाळेत झालं नव्हतं.

त्यासाठी आधी त्यांच्या वडिलांकडे जावं लागतं. अनंतशास्त्री डोंगरे हे कर्नाटकात स्थायिक झालेल्या चित्पावन घराण्यातले. तरुणपणी ते पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे संस्कृत शिकत होते. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात पेशव्यांच्या एका पत्नीला संस्कृत शिकवायला जात. बाईमाणूस शुद्ध संस्कृत श्लोक म्हणते, हे त्या तरुण विद्यार्थ्याला तिथे कळलं आणि आपल्या बायकोलाही शिकवायचं हे त्याच्या मनाने घेतलं. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी विरोध केला आणि ते राहून गेलं. पुढे ती वारली. त्यानंतर यात्रेत असताना गोदावरीकाठी भेटलेल्या एका गृहस्थाने आपली मुलगी त्यांना दिली. शास्त्रीबुवा तेव्हा चव्वेचाळीसचे आणि मुलगी नऊ वर्षांची! आज हे वाचताना अंगावर काटा येतो. त्या काळाची रीत म्हणून सोडून देणं आम्हाला जमत नाही. पण याच मुलीला, म्हणजे लक्ष्मीबाईंना, त्यांनी खरोखर संस्कृत शिकवलं, हेही तितकंच खरं.

गावाला ते रुचलं नाही. शास्त्रीबुवांना उडुपीला विद्वानांच्या सभेपुढे जाऊन बाजू मांडावी लागली. स्त्रियांना पुराणं आणि काव्यं शिकवायला शास्त्राची आडकाठी नाही, हे त्यांनी ग्रंथांचे आधार देऊन दाखवलं. वेद मात्र ते शिकवत नव्हते. ती मर्यादा त्यांनाही मान्य होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मग रोजच्या कटकटीपासून दूर, पश्चिम घाटात गंगामूळच्या रानात त्यांनी घर बांधलं. भोवती जंगल, रात्री वाघांचे आवाज. तिथे विद्यार्थी येऊन राहत आणि त्यांना शिकवण्यात लक्ष्मीबाईही हातभार लावत. २३ एप्रिल १८५८ रोजी याच ठिकाणी रमाबाईंचा जन्म झाला. कृष्णाबाई आणि श्रीनिवास ही मोठी भावंडं होती.

हा आश्रम टिकला नाही. येईल त्याला जेवू घालायचं आणि फुकट शिकवायचं, या हिशेबात जमीनजुमला संपला आणि कर्ज झालं. (बजेटिंगचा विषय निघाला म्हणून सांगतो, शास्त्रीबुवा त्यात पार नापास!) रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने रान सोडलं. त्यांना वेताच्या पेटाऱ्यात घालून हमालाच्या डोक्यावरून खाली आणलं. त्यानंतर अनेक वर्षं हे कुटुंब पायी तीर्थयात्रा करत राहिलं. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचं, ऐकणारे जे धान्य, पैसे, कपडे ठेवतील त्यावर गुजराण करायची आणि पुढच्या गावाला निघायचं.

शाळा याच रस्त्यावर भरली. रमाबाई आठेक वर्षांच्या झाल्या तेव्हा शास्त्रीबुवा म्हातारे झाले होते, म्हणून शिकवायचं काम लक्ष्मीबाईंकडे आलं. दिवसभर स्वयंपाक, पाहुणे, चालणं. मोकळा वेळ फक्त पहाटेचा. त्या अंधारातच मुलीला उठवत, मांडीवर घेऊन जागं करत आणि पाठ देत. व्याकरण, कोश आणि भागवत हा अभ्यासक्रम. भागवताचे परंपरेने अठरा हजार श्लोक मानतात आणि बाराव्या वर्षापर्यंत ते रमाबाईंना पाठ झाले होते.

पाठांतर म्हटलं की आपल्या पिढीच्या कपाळाला आठ्या पडतात. आमच्याही पडायच्या. इंजिनिअरिंगच्या परीक्षा पाठ करूनच दिल्या, त्याचा राग असेल! पण जरा विचार करा. पाच माणसं पायी चालली आहेत, अंगावरचं आणि डोक्यावरचं तेवढंच सामान. पोथ्या किती नेणार? मग डोकं हीच हार्ड डिस्क. आणि ही नुसती घोकंपट्टी नव्हती. व्याकरण पक्कं असल्याने श्लोकाचा अर्थ स्वतः लावता येत होता. शिवाय घरातला उदरनिर्वाहच पुराण सांगण्यावर होता, म्हणजे शिकलेलं दुसऱ्याच दिवशी कामाला येत होतं. थोरल्या माणसांबरोबर बसून मुलगीही पुराण सांगू लागली. भर बाजारात, अनोळखी लोकांसमोर, मोठ्या आवाजात!

भाषांचंही तसंच. रमाबाईंना मराठी व्याकरण कुणी शिकवलं नाही. आईबाबा घरात शुद्ध मराठी बोलत, ते कानावर पडलं आणि मिळेल ते मराठी छापील वाचलं. कानडी, हिंदी आणि पुढे बंगाली त्या त्या मुलुखात राहून आली. इथे मुलं शाळेतून येताच आपणही इंग्रजीत सुरू होतो आणि मग रविवारच्या मराठी वर्गाकडून चमत्काराची अपेक्षा करतो... असो.

आता दुसरी बाजू. होमस्कूलिंगचं कौतुक करणारे ही बाजू सांगत नाहीत आणि आम्हाला रात्री झोप न येण्याचं कारण नेमकं हेच आहे. शास्त्रीबुवांनी मुलांना बाहेरच्या जगापासून मुद्दाम लांब ठेवलं होतं. इंग्रजी नाही, हिशेबाचं किंवा हाताचं कुठलंही काम नाही, इतर लोकांत मिसळणं नाही. संस्कृत आणि देवधर्म एवढंच. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि पुराण ऐकून शिधा देणाऱ्यांनाच खायला मिळेना. या विद्वान कुटुंबाला दुसरं काहीच करता येत नव्हतं. मजुरी करणं कमीपणाचं आणि भीक मागायची सवय नाही. उरलेले पैसे देवाच्या अनुष्ठानांत आणि दानात गेले, मग दागिने आणि भांडीकुंडी विकली गेली. शेवटी रानात जाऊन झाडपाला खाण्याची वेळ आली. वडील जलसमाधी घ्यायला निघाले, तेव्हा श्रीनिवासने ठरवलं की जातीचा अभिमान सोडून मिळेल ते काम करायचं. तोवर फार उशीर झाला होता. वडील गेले आणि काही महिन्यांत आई. आईच्या तिरडीला खांदा द्यायलाही माणसं पुरेनात. शेवटी लेकीनेच हातभार लावला. उंची कमी पडली म्हणून तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. पुढे कृष्णाबाईही पटकीने गेल्या.

उरलेली दोघं भावंडं हजारो मैल चालली. पंजाब, काश्मीरपर्यंत गेली. थंडीला पांघरूण नाही म्हणून झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून झोपली. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोहोचली आणि तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली. पहाटेच्या त्या शाळेचा निकाल तिथे लागला : रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या.

कलकत्त्यातच केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाची प्रत देऊन वाचायला सांगितलं. रमाबाई दचकल्या, कारण घरच्या शाळेत हा विषय वर्ज्य होता. मग मात्र त्यांनी वाचायला घेतलं. आम्हाला वाटतं, त्यांचं पुढचं सगळं आयुष्य त्या वाचनापासून सुरू झालं. आईने शिकायचं कसं ते शिकवलं होतं. काय शिकायचं नाही, ही वडिलांनी घातलेली मर्यादा त्यांनी स्वतःहून ओलांडली.

पुढचं बरंचसं आपल्याला माहीत असतं, म्हणून भरभर सांगतो. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ च्या सुरुवातीला पतीही गेला. त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला आणि शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. १८८३ मध्ये लहानग्या मनोरमाला घेऊन इंग्लंडला निघताना खर्चाला हातभार लागला तो त्यांनीच लिहिलेल्या स्त्रीधर्मनीति या पुस्तकाच्या विक्रीचा. तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून महाराष्ट्रात तेव्हा उठलेलं वादळ अजून पुरतं शमलेलं नाही आणि आपल्या मंडळातही दोन मतं असतील. पण त्यामुळे त्यांच्या शिक्षणातल्या कामाकडे पाठ फिरवणं आम्हाला पटत नाही.

चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवत आणि गणित, विज्ञान, इंग्रजी शिकत. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत राहिल्या. तिथे त्यांनी फ्रोबेलच्या किंडरगार्टन पद्धतीचा अभ्यास केला. चेंडू, ठोकळे, घड्या घालायचे कागद, म्हणजे हाताने करून शिकणं. आयुष्याची पहिली वीस वर्षं फक्त कानाने आणि तोंडाने शिकलेल्या बाईला याचं किती अप्रूप वाटलं असेल!

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. तीच पुढे महर्षी कर्व्यांची पत्नी, आनंदीबाई कर्वे. सदन पुण्याला गेलं, १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या, तरी ते चालू राहिलं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि बायका घेऊन आल्या. दुष्काळात उपाशी मुलगी कशी दिसते हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यातून पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती उभं राहिलं. १९०० च्या आसपास तिथे जवळजवळ दोन हजार जणी होत्या.

मुक्तीत लिहिणंवाचणं तर होतंच, पण त्याबरोबर विणकाम, शेती, तेलाचा घाणा, शिवण, छापखाना असं प्रत्येकीच्या हाताला काहीतरी काम होतं. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जाई. गंगामूळच्या शाळेत जे नव्हतं, तेच त्यांनी केडगावला आधी आणलं, असं आम्हाला ही यादी वाचताना जाणवलं. तेव्हापासून आमच्या वेळापत्रकात आठवड्यातला एक दिवस हातकामाचा झाला आहे : सायकलचं पंक्चर, पोळ्या लाटणं, बटण लावणं. आणि मुलं एकलकोंडी होऊ नयेत म्हणून आम्ही मंडळाचा एकही कार्यक्रम चुकवत नाही. तुम्ही कंटाळलात तरी आम्ही येणारच!

शेवटची बरीच वर्षं रमाबाई हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या, सामान्य बायकांना वाचता यावं म्हणून. हेही घरच्या घरीच. खिळे जुळवायला आणि छपाईला मुक्तीतल्याच मुली. १९२१ मध्ये मनोरमा वारली. काही महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या. हे मराठी बायबल १९२४ मध्ये छापून पूर्ण झालं.

अमेरिकेहून परतल्यावर त्यांनी युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त हे पुस्तक लिहिलं. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ते वाचताना मजा येईल. थंडीपासून निवडणुकांपर्यंत सगळं बारकाईने टिपलेलं आहे. आमच्याकडे त्याची एक प्रत आहे. कुणाला हवी असेल तर पुढच्या कार्यक्रमात आम्हाला गाठा. महिन्याभरात परत मिळाली तर बरं, कारण थोरली ते मोठ्याने वाचते आहे आणि सध्या नायगारापर्यंत पोहोचली आहे.