गोदूताई परुळेकर

माझा पणजा वारली. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी तो सावकाराचा लग्नगडी झाला होता. त्यामुळे गोदावरी परुळेकर हे नाव मी पुस्तकाआधी घरातच ऐकले.

पुण्याच्या सुखवस्तू गोखले घराण्यात १९०७ साली त्या जन्मल्या. महाराष्ट्रातील पहिल्या महिला कायदा-पदवीधर. वकिली करून सुखाने राहता आले असते. पण श्यामराव परुळेकरांबरोबर त्या किसान सभेच्या कामात उतरल्या. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी गावी सुमारे ५,००० आदिवासी जमले. वेठ करायची नाही, रोजी १२ आणे मजुरी घ्यायची, असे ठरले. लग्नगडीही सुटले. त्याची किंमत मोजावी लागली. १० ऑक्टोबरला तलवाड्याच्या गोळीबारात पाच आदिवासी बळी गेले. जेठ्या गांगड त्यांतलाच.

हा सारा लढा त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात मांडला. त्याला १९७२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९९६ मध्ये त्या गेल्या.

वेठ गेली, बोईसरला कारखाने आले. पण २००६ चा वनहक्क कायदा होऊनही आमच्या पलाटाचा कागद अजून हाती नाही. पणजा जागा झाला होता; आम्ही शिकलेल्यांनी झोपून कसे चालेल?