चिंबोरासोचा प्रवासी

अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट याचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी बर्लिन शहरी झाला. तो नऊ वर्षांचा असतानाच त्याचे वडील वारले. मुलाने सरकारी नोकरीत नाव काढावे, ही आईची इच्छा. तिला मान देऊन तो खाणींवरील अधिकारी झालाही. पण त्याचे चित्त दूरदेशींच्या अरण्यांत गुंतलेले होते. १७९६ साली आई निवर्तली. वाट्यास आलेले धन त्याने प्रवासासाठी वेचण्याचे ठरविले आणि १७९९ मध्ये एमे बाँप्लां या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञासह तो दक्षिण अमेरिकेस निघाला.

आजच्या इक्वेडोर देशातील चिंबोरासो पर्वत त्या काळी जगात सर्वांत उंच समजला जाई. २३ जून १८०२ रोजी हुम्बोल्ट तो चढू लागला. बर्फाची सीमा येताच बहुतेक वाटाडे माघारी फिरले. पुढची वाट म्हणजे वीतभर रुंदीची धार! एका अंगास निसरडा बर्फ, दुसऱ्या अंगास खोल उतार. हात गारठले, श्वास लागला, हिरड्यांतून रक्त येऊ लागले. तशाही स्थितीत तो वायुभारमापक काढून उंची मोजीतच होता. अखेर एका रुंद भेगेने वाट अडविली. त्याच्या मोजणीप्रमाणे ती जागा सुमारे ५,८७५ मीटर उंचीवर होती. शिखर हुकले.

परंतु पर्वत चढता चढता त्याने जे पाहिले, ते शिखराहून मोलाचे होते. पायथ्याशी ताड व केळी, वर ओकची झाडे, त्यावर खुरटी झुडपे, मग नुसते गवत आणि शेवटी खडकास चिकटलेले दगडफूल! असे का व्हावे? दर हजार मीटर उंचीमागे हवा सुमारे ६ अंश सेल्सिअसने थंड होते. ज्या झाडास जेवढी थंडी सोसवते, तेवढेच ते वर जाते. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाताना जो पालट दिसतो, तोच त्याला एका डोंगरावर आढळला. १८०७ साली त्याने पर्वताचे चित्र प्रसिद्ध केले; त्यावर वनस्पतींची नावे जागच्या जागी लिहिली होती.

हिमालयही असाच पाहावा, ही त्याची मोठी आकांक्षा होती; ईस्ट इंडिया कंपनीने अनुमती दिली नाही. ६ मे १८५९ रोजी बर्लिन येथे तो मरण पावला.

त्या चित्रातील उंचावरच्या पुष्कळ नोंदी वस्तुतः अंतिसाना या दुसऱ्या पर्वतावरील होत्या, असे २०१९ मध्ये संशोधकांनी दाखविले. त्यांनी तेथे जाऊन पाहिले, तेव्हा वनस्पतींची वरची सीमा हुम्बोल्टच्या काळापेक्षा २०० मीटरांहून अधिक वर सरकलेली आढळली. हवा उष्ण झाली होती.