मुळशीच्या भातखाचरांसाठी लढलेले सेनापती बापट

पारनेरचे पांडुरंग महादेव बापट (जन्म १८८०) शिष्यवृत्तीवर एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले होते. पण नाव झालं ते मुळशीच्या मावळ्यांमुळे. टाटा कंपनीच्या धरणात भातखाचरं बुडणार अन् वीज मुंबईला जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. बऱ्याच जमिनी सावकारांकडे गेलेल्या. सावकारांना मोबदला चालत होता, कसणाऱ्याला जमीनच हवी होती. बापट कसणाऱ्याच्या बाजूने राहिले, पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. १९२४ मध्ये धरणाच्या कामाची रेल्वे अडवून गोळीबार केल्याबद्दल ७ वर्षांची शिक्षा झाली. धरण झालंच, लोकांनी मात्र त्यांना सेनापती केलं. १९६७ मध्ये ते गेले. गावात प्रकल्प आला, की मोबदला कोणाला अन् पोट कोणाचं जातंय, हा मुळशीचा सवाल आजही आधी विचारावा लागतो.