डॉ. नॅन्सी कॅरोलाइन : यांच्या टीमवरून अमेरिकेनं पॅरामेडिकचा अभ्यासक्रम घेतला, आणि त्याच टीमला परीक्षा घेऊन बाहेर काढलं

अमेरिकेत पॅरामेडिक व्हायचं तर एकदा परीक्षा पास होऊन भागत नाही. नॅशनल रजिस्ट्रीचं सर्टिफिकेट दर २ वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं. त्यासाठी ६० तासांचं शिक्षण दाखवा, नाहीतर पुन्हा परीक्षेला बसा. हातातलं कसब शाबूत आहे का हेही तपासलं जातं. कित्येक ठिकाणी ही तपासणी दरवर्षी होते. घशात नळी घालून दाखवा, ईसीजी वाचून दाखवा, पुतळ्यावर सीपीआर देऊन दाखवा.

हे जाचक वाटेल, पण कारण साधं आहे. सीपीआर शिकलेल्या माणसाने सराव सोडला की काही महिन्यांतच त्याचा हात बिघडायला लागतो. आणि सीपीआरमध्ये बिघडलेल्या हाताची किंमत समोरचा पेशंट मोजतो.

पॅरामेडिकला काय यायला हवं, हे अमेरिकेत ज्यांनी कागदावर उतरवलं त्यांच्यात डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांचं नाव फार वरचं.

त्यांचा जन्म १९४४ चा, मॅसॅच्युसेट्समधला. डॉक्टर झाल्यावर त्या अतिदक्षता विभागाचं पुढचं शिक्षण घ्यायला पिट्सबर्गला आल्या. तिथे त्यांचे गुरू होते डॉ. पीटर सफार. सीपीआर आज ज्या रूपात जगाला माहीत आहे, त्यात या माणसाचा सिंहाचा वाटा. त्यांची स्वतःची लहान मुलगी १९६६ मध्ये दम्याच्या झटक्याने गेली होती.

तेव्हा पिट्सबर्गमध्ये अ‍ॅम्ब्युलन्स म्हणजे काय, तर पोलिसांची व्हॅन किंवा अंत्यसंस्कारवाल्यांची गाडी. पेशंटला मागे टाकायचं आणि हॉस्पिटल गाठायचं. वाटेत उपचार वगैरे काही नाही. त्यातही हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत फोन केला, तर गाडी येईलच याची खात्री नसायची.

म्हणून १९६७ मध्ये फ्रीडम हाऊस अ‍ॅम्ब्युलन्स सेवा उभी राहिली. सफार यांनी तिचं ट्रेनिंग आखलं. भरती झाले ते त्याच वस्तीतले बेरोजगार तरुण. कुणी व्हिएतनामहून परतलेलं, कुणी शाळा अर्धवट सोडलेलं, तर कुणाच्या नावावर पोलिसांत नोंद. त्या काळात अ‍ॅम्ब्युलन्सवर जायला जुजबी प्रथमोपचार आले तरी चालायचं. या पोरांना मात्र सुमारे ३०० तास शिकवण्यात आलं.

१९७४ मध्ये या सेवेची वैद्यकीय जबाबदारी डॉ. कॅरोलाइन यांच्याकडे आली. वय अवघं तीस.

पहिल्या ट्रेनिंगला आता काही वर्षं उलटली होती. त्यांनी या अनुभवी माणसांना पुन्हा वर्गात बसवलं, ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन नळी घालायचा सराव करून घेतला. स्वतः त्यांच्यासोबत गाडीत बसून रस्त्यावर उतरल्या. केस संपली की चर्चा व्हायची. काय दिसलं, काय केलं, ते का केलं आणि कुठे चुकलं. आज रिसर्टिफिकेशन म्हणून जे केलं जातं, त्याचा गाभा हाच. फरक एवढाच की इथे तपासणारी व्यक्ती स्वतः पेशंटशेजारी उभी असायची.

याच कामातून केंद्र सरकारसाठी पॅरामेडिकचा अभ्यासक्रम तयार झाला, आणि तो पुढे देशभर नमुना ठरला.

पण घरच्या शहरात काय झालं?

पिट्सबर्ग पालिकेने स्वतःची सेवा काढली आणि ऑक्टोबर १९७५ मध्ये फ्रीडम हाऊस बंद पडलं. आपल्या माणसांना नव्या सेवेत सामावून घ्या, असा आग्रह डॉ. कॅरोलाइन यांनी धरला. पालिकेने तो मान्य केला. त्या स्वतः काही काळ नव्या सेवेच्या वैद्यकीय प्रमुख राहिल्या.

कागदावर सगळं ठीक होतं, फक्त ते कागदावरच राहिलं.

जुन्या टीम फोडल्या गेल्या. वर्षानुवर्षं पेशंट हाताळलेल्या माणसांकडे दुय्यम कामं आली. ज्यांच्यावर पोलिसांत नोंद होती, ते बाहेर. आणि मग आली परीक्षा, पास किंवा नापास एवढाच निकाल देणारी. तिच्यात या माणसांना कधी शिकवलंच नव्हतं असाही भाग होता. नापास झाला की गेला. एका वर्षात त्यातले निम्मे लोक बाहेर पडले होते. परीक्षा हेच माणसं गाळायचं हत्यार बनलं होतं, असं म्हणायला पूर्ण वाव आहे.

टिकलेल्यांपैकी एक होते जॉन मून. ते त्याच सेवेत असिस्टंट चीफच्या पदापर्यंत पोहोचले आणि २००९ मध्ये निवृत्त झाले.

डॉ. कॅरोलाइन १९७० च्या दशकातच इस्रायलला गेल्या. तिथल्या मागेन डेव्हिड अडोम या अ‍ॅम्ब्युलन्स सेवेच्या वैद्यकीय प्रमुख झाल्या, तिथे पॅरामेडिक घडवले. मग पूर्व आफ्रिकेत फ्लाइंग डॉक्टर्ससोबत काम केलं. पुन्हा इस्रायलला परतून गॅलिलीमध्ये शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णांसाठी हॉस्पिस सेवा उभारली. पुढे त्यांनाच कॅन्सर झाला. डिसेंबर २००२ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी त्या गेल्या.

पॅरामेडिकसाठी लिहिलेलं त्यांचं 'इमर्जन्सी केअर इन द स्ट्रीट्स' हे जाडजूड पुस्तक १९७९ मध्ये आलं. आता ते दुसरे लोक सुधारून लिहितात, पण मुखपृष्ठावर नॅन्सी कॅरोलाइन हे नाव अजूनही असतं.