पालीसाठी घर सोडणारे आचार्य धर्मानंद कोसंबी

आपल्या विहारात वंदना सुरू झाली की लहान पोरांपासून म्हाताऱ्या आजीपर्यंत सगळ्यांचा आवाज एक होतो. त्रिशरण-पंचशील तोंडपाठ नाही असं घर आपल्या बीडीडी चाळीत सापडायचं नाही. पण एखाद्या पोराने मध्येच एका शब्दाचा अर्थ विचारला, की आम्ही मोठी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. रोज ओठांवर असलेली ही पाली भाषा आपल्याकडच्या कॉलेजात शिकवली जाऊ लागली ती कोणामुळे, हे आपल्या मुलांना कळावं म्हणून वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आम्ही आचार्य धर्मानंद कोसंबी यांचं चरित्र थोडक्यात देत आहोत.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील साखवाळ गावी, ब्राह्मण कुटुंबात झाला. शाळेचं शिक्षण जेमतेम. बालबोधमेवा या मासिकात त्यांनी भगवान बुद्धांची गोष्ट वाचली आणि बुद्धधम्म मुळातून समजून घ्यायचा ध्यास घेतला. पण शिकवणार कोण? ज्या देशात ही वाणी जन्मली, त्याच देशात तिचा गुरू मिळेना. 1899 साली पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. त्यांच्या विद्येची किंमत त्या माउलीनेही मोजली, हे आम्हांला इथे सांगितलंच पाहिजे.

पुण्याहून ते काशीला गेले. तिथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. मग नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता असं करत 1902 साली सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महाथेरांच्या हाताखाली पालीचा अभ्यास केला, श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले. पालीला स्वतःची अशी एक लिपी नाही. सिलोनात ती सिंहली अक्षरांत, ब्रह्मदेशात बर्मी अक्षरांत लिहितात. म्हणजे एक भाषा शिकायची तर आधी परक्या लिप्या गिरवायच्या!

1906 साली ते कलकत्त्याला आले आणि पाली शिकवू लागले. विद्यापीठात जम बसला. तिथेच राहिल्यास महिना अडीचशे रुपये मिळणार होते. पण आपल्या मराठी मुलखात पालीचा प्रसार व्हावा ही त्यांची तळमळ. बडोद्याचे सयाजीराव महाराज महिना 50 रुपये द्यायला तयार झाले. अट एवढीच की महाराष्ट्रात राहावं आणि ग्रंथ लिहावेत. धर्मानंदांनी अडीचशे सोडून पन्नास पत्करले. दोनशे रुपयांवर पाणी सोडणं त्या काळी काय होतं, हे गिरणीच्या पगारावर संसार केलेल्या आपल्या वाडवडिलांनाच ठाऊक!

डॉ. रा. गो. भांडारकरांच्या प्रयत्नाने मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळाली. 1912 ते 1918 पर्यंत धर्मानंदांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट पुढे पालीचे मोठे पंडित झाले. दुसरे विद्यार्थी ना. के. भागवत यांनी आपल्या मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात पाली शिकवली. एका शिक्षकाने शिक्षक घडवले, म्हणून विषय टिकला. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने विसुद्धिमग्ग या ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना वारंवार बोलावलं. रशियात लेनिनग्राडलाही ते शिकवून आले. त्याच विसुद्धिमग्गाची देवनागरी आवृत्ती त्यांनी 1940 साली मुंबईत काढली, म्हणजे परकी लिपी न शिकता आपली मुलं तो वाचू शकतील.

भाषा येण्याने काय फरक पडतो, ते पाहा. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडलं, असं आपण ऐकत आलो. धर्मानंदांनी मूळ सुत्तं तपासली. ती हकिकत विपस्सी बुद्धाच्या कथेतून आलेली आहे, आणि अत्तदण्ड सुत्तात तर हाती शस्त्र घेऊन आपसांत भांडणारी माणसं पाहून आलेला उद्वेग आहे, हे त्यांनी 1940-41 च्या 'भगवान बुद्ध' ग्रंथात दाखवलं. बाबासाहेबांनीही त्या जुन्या कथेला नकार दिला. 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथात शाक्य-कोलियांचा रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आहे. बाबासाहेब स्वतः पाली शिकले, पालीचा शब्दकोश त्यांनी तयार करायला घेतला, तो उगाच नव्हे.

धर्मानंदांना पंडितांतच राहायचं नव्हतं. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. 1937 साली त्यांनी जुगलकिशोर बिर्लांच्या मदतीने परळला, आपल्यासारख्याच कामगार वस्तीत, बहुजन विहार उभा केला. 4 जून 1947 रोजी सेवाग्रामला, अन्नत्याग करून, त्यांनी देह ठेवला.

2013 साली केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून पाली हा ऐच्छिक विषय वगळला गेला. 2024 साली मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पण दर्जाने वर्ग भरत नाही, वर्ग पोरांनी भरतो. पाली घेऊन नोकरी मिळणार का, हा प्रश्न आपल्याही घरात होतो आणि तो खोटा नाही. तरी दर मजल्यावरून एक मुलगा, एक मुलगी अर्थ कळण्यासाठी पाली शिकली, तर पुढच्या वर्धापनदिनाला त्या पोराच्या प्रश्नाला विहारातच उत्तर मिळेल. 160 चौरस फुटांच्या खोल्या सोडून आपली कुटुंबं आता टॉवरात जात आहेत. सामानात ही भाषाही न्यावी, एवढीच आमची विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!