पंडिता रमाबाई व त्यांचें शास्त्राध्ययन

मुलगा बी. डी. झाला, आतां आणखी दोन वर्षें एम. टीएच. साठीं इब्री व ग्रीक कशाला, भात लावणाऱ्या माणसांस त्यांचा उपयोग काय, असें पेण व रोहे या बाजूच्या मंडळ्यांतून आम्हांस विचारण्यांत येतें. प्रश्न रास्त आहे. त्याकरितां पंडिता रमाबाईंचें चरित्र पुन्हां चाळावें असें आम्हांस वाटलें.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें, व त्या मातेनें मुलीस. आईबाप १८७४ सालीं उपासमारीनें गेले. भावाबरोबर पायीं हिंडत बाई १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचल्या, व तेथें त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या मिळाल्या. एवढी विद्या असूनही वेद त्यांनीं उघडला नव्हता, कारण तो स्त्रियांस वर्ज्य होता. केशवचंद्र सेन यांनीं वेदाची प्रत हातीं दिली, तेव्हां तें कुंपण मोडलें. पुढील सर्व हकीकतीचें मूळ आम्हांस येथेंच दिसतें.

लग्न, दोन वर्षांच्या आंत वैधव्य, आणि मग इंग्लंड. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें मुलगी मनोरमा हिच्यासह त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर चेल्टनहॅमच्या महाविद्यालयांत त्या संस्कृत शिकवीत व स्वतः शिकत. येथेंच वाद उभा राहिला. वाँटेजच्या सिस्टर जेरल्डीन यांची अपेक्षा अशी कीं, नवशिक्या मुलीनें मंडळीचे मतांगीकार नम्रपणें मान्य करावे. रमाबाईंस त्रैक्य कळेना, ख्रिस्ताच्या देवपणाविषयीं शंका फिटेना, आणि न कळलेलें मान्य केल्याचें सोंग त्यांस करवेना. ब्राह्मणांचें कुंपण ओलांडून आलेली बाई बिशपांच्या कुंपणांत कशी राहावी? चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांनीं मात्र त्यांच्या प्रश्नांस प्रश्नांप्रमाणें वागविलें, व पत्रोपत्रीं उत्तरें दिलीं. कोणत्याहि धर्मविद्यालयाची पदवी बाईंजवळ नव्हती. परंतु याहून कठीण परीक्षा कोणती, हें आम्हांस ठाऊक नाहीं. पुढें १८९१ च्या सुमारास, आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता, खुद्द ख्रिस्त नव्हे, असें त्यांस उमगलें, आणि त्या सर्वस्वी त्याच्या झाल्या. तरी अभ्यास सुटला नाहीं.

केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. दुष्काळांतून आलेल्या शेंकडों स्त्रिया व मुली तेथें होत्या. प्रचलित मराठी शास्त्रांतील संस्कृत शब्द त्यांस समजत नसत. आणि जे समजत, त्यांतील कित्येकांस जुन्या धर्माचा वास येई. तेव्हां पवित्र शास्त्र मूळ भाषांतून नव्यानें, सोप्या मराठींत आणावें, असें बाईंनीं ठरविलें. पेण-रोहे बाजूस बेने इस्राएलांच्या थडग्यांवरील इब्री अक्षरें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस ती लिपि उजवीकडून डावीकडे चालते हें माहीत आहे. ती लिपि, तें व्याकरण, आणि शिवाय ग्रीक, हें सर्व बाईंनीं उतारवयांत, एवढा मोठा संसार संभाळून, आत्मसात् केलें. विशेष हें कीं, संस्कृताची त्यांच्याएवढी जाणती त्या काळीं क्वचितच कोणी असेल, व त्यांनींच संस्कृत शब्द बाजूस सारले. शब्दाचें मूळ व अर्थ पुरता जाणल्यावांचून त्याऐवजीं खेडवळ बाईच्या तोंडचा शब्द योजण्याचें धैर्य होत नाहीं. आमच्या मतें त्यांचें भाषांतर कोठें कोठें खडबडीत आहे, आणि मंडळ्यांच्या उपासनेंत बायबल सोसायटीचेंच रूढ राहिलें. पण त्यांनीं तें व्यासपीठासाठीं केलेंच नव्हतें.

मनोरमा १८९१ नंतर मोठी होऊन आईचा उजवा हात बनली होती. ती १९२१ सालीं वारली. काम थांबलें नाहीं. भाषांतर पुरें झालें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई प्रभूकडे गेल्या. १९२४ सालीं मुक्तीच्या छापखान्यांतून संपूर्ण शास्त्र बाहेर पडलें. त्याचे खिळे सदनांतल्या स्त्रियांनींच जुळविले होते.