पळसगावचा यशवंत, इटलीच्या मातीत अमर! नाईक यशवंत घाडगे यांची शौर्यगाथा

माणगाव शहरात आलेल्या प्रत्येकाने नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा पाहिलेला असतो. येताजाता हात जोडणारेही बरेच आहेत. पण हा आपला माणूस नेमका कुठे लढला, काय करून गेला, असं विचारलं तर नव्या पिढीतली बरीच पोरं गप्प होतात. म्हणून ही गोष्ट पुन्हा सांगायला हवी.

यशवंत घाडगे यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1921 रोजी माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा. कोकणातल्या गावागावांतून तरणी पोरं पलटणीत भरती व्हायची. यशवंतही मराठा लाइट इन्फंट्रीत गेले आणि नाईक झाले. नाईक म्हणजे आठ-दहा जवानांच्या तुकडीचा म्होरक्या.

दुसरं महायुद्ध सुरू होतं. त्यांची तिसरी बटालियन इटलीत लढायला गेली. मध्य इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात डोंगरांवर जर्मन फौज मोर्चे बांधून बसली होती. 10 जुलै 1944 चा तो दिवस. यशवंत आपली तुकडी घेऊन पुढे सरकत असताना अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. बघता बघता तुकडीतले सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे यशवंत.

मागे फिरले असते तर कुणी नावं ठेवली नसती. पण ते थेट मशीनगनच्या दिशेने धावले. आधी हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा गारद केला. मग दुसऱ्याला गोळी घातली. एवढ्यात मॅगझीन रिकामं झालं, नवीन भरायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने लोळवलं. मोर्चा हाती आला, पण लपलेल्या शत्रूच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या जागेवरच त्यांनी प्राण सोडला. वय अवघं 22 वर्षं.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. त्या काळातला शौर्याचा हा सर्वोच्च मान. इटलीच्या लढाईत भारतीय फौजेतल्या सहा जणांना तो मिळाला. त्यात दोघे मराठा पलटणीचे, आपले यशवंत आणि नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव. जाधव घरी परत आले. यशवंत आले नाहीत. त्यांची कबर किंवा समाधीही कुठे नाही. इटलीतल्या कॅसिनो इथल्या स्मारकावर तेवढं नाव कोरलेलं आहे.

काही जण म्हणतात, ते तर इंग्रजांच्या फौजेत होते, मग अभिमान कशाचा? प्रश्न चुकीचा नाही. राज्य परक्याचं होतं आणि 1942 च्या चळवळीनं देश पेटलेला होता. पण आपली माणसं समोर पडलेली असताना एकट्याने पुढे धावणं, ही हिंमत कुण्या राजाने दिलेली नव्हती. ती पळसगावच्या मातीतली होती. ज्या इटलीत ते पडले, तिथल्या लोकांनी ती ओळखली. 2023 साली मोंटोने या गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्याचा भाव आहे.

परदेशातलं एक गाव त्यांना विसरत नाही, मग आपण कसे विसरणार? पुतळ्याला हार घालावाच. पण तुमच्या वाडीतही एखादे निवृत्त फौजी आजोबा असतील, पारावर एकटेच बसणारे. कुणाची आजी आपल्या फौजी बापाची आठवण काढत असेल. त्यांच्याजवळ अर्धा तास बसा. कुठली पलटण, कुठे लढाई, सोबत कोण होतं, हे विचारा आणि मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. ही माणसं गेली की त्या आठवणीही त्यांच्यासोबत जातील.

वीर यशवंत घाडगे यांना विनम्र अभिवादन!